माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा चालू करताना

८ सप्टेंबर २०२४, रविवार

आत्याच्या घरी (रामबाग, इंदूर) गणपतीचं मखर काढायला परवा माळ्यावर चढलो, तेव्हा मागच्या कोपऱ्यात हा खोका मिळाला. आत पिवळा पडलेला टीव्ही गेम, दोन रिमोट, एक गन आणि तीन कॅसेट. एक मारिओची, एक कॉन्ट्राची आणि एक '९९९९ इन १'. या तिसऱ्यात खरे गेम वीसेक असतील, बाकी तेच नाव बदलून पुन्हा. अॅडॉप्टर गायब. एव्ही वायर उंदरानं कुरतडलेली.

भाऊबीजेला सगळी भावंडं इथेच जमतात, तोवर चालू करायचा असं ठरलं. खर्च दोन हजारांच्या आत.

ज्यांच्या घरी असा खोका आहे त्यांच्यासाठी एवढंच: आपल्याकडे तेव्हा जे विकलं जायचं ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानात १५ जुलै १९८३ ला आलं, कॅसेट ६० पिनांची. नकलेत फरक असा की मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपा एकाच चिपेत कोंबलेल्या असतात आणि तिच्यावर काळा डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. तो थेंब गेला की यंत्र गेलं. बाकी सगळं दुरुस्त होतं.

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं मोबाइलवर फुकट आहे." त्यानं तिथल्या तिथे मारिओ उतरवून दाखवला. हातात घेतला आणि पहिल्याच मशरूमला (समोरून चालत येणारा मशरूमसारखा शत्रू) धडकून मेलो. गाणंही घाईघाईत वाजतंय असं वाटलं. मोबाइलच्या काचेवर बोटं घसरतात, म्हणून असेल. पुढे बघू.

१४ सप्टेंबर

आधी करंट. जेल रोडवर एका दुकानात दाखवायला नेला. दुकानदार म्हणाला, "अरे भिया, ये तो अपने बचपन का माल है," आणि बोलता बोलताच समोर पडलेल्या राउटरचा अॅडॉप्टर त्यात खुपसला. धूर निघाला नाही, वास मात्र आला. डबा उचलून घरी आणला.

उघडून पाहिलं तर आत येणाऱ्या करंटच्या तोंडावरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला आणि ७८०५ (हा ९ व्होल्टचे ५ करणारा तीन पायांचा रेग्युलेटर) मेलेला. कारण असं: राउटरच्या अॅडॉप्टरच्या पिनेत मधे प्लस आणि बाहेर मायनस असतं. या गेममध्ये नेमकं उलटं आहे, मधे मायनस. मूळ फॅमिकॉमलाही तसंच होतं. तुमच्या डब्यात काय आहे ते मल्टिमीटरनं आधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मीटर बीपवर ठेवा, एक टोक ७८०५ च्या पाठीच्या पत्र्याला लावा (तो पत्रा म्हणजे मायनस) आणि दुसरं सॉकेटच्या आतल्या कांडीला. बीप वाजला तर मधे मायनस.

नवा ७८०५, २५ व्होल्टचा कपॅसिटर, थोडं शिसं: सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आत. ९ व्होल्ट १ अँपियरचा अॅडॉप्टर १८० ला. त्याची पिन कापून वायरी उलट जोडल्या. १२ व्होल्टचा लावायचा मोह टाळा. जादाचे व्होल्ट ७८०५ उष्णता करून फेकतो. हा गेम साधारण ०.३ अँपियर ओढतो, म्हणजे ९ वर सव्वा वॅटच्या आसपास आणि १२ वर दोनच्या वर. त्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात एवढाही फरक हाताला लागतो.

लाल दिवा लागला. चिप वाचली असेल का, ते चित्र आल्यावरच कळणार.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. रात्रभर झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), घरात कोणी जागेवर नाही. काम शून्य.

२२ सप्टेंबर

चित्र. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया गेला.

घरचा टीव्ही एलईडी. एव्हीची नवी वायर लावली तर चित्र काळंपांढरं आलं, तेही खालून वर सरकणारं. मग एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी आणली, साडेपाचशे रुपये. तिच्यातून रंग आले, पण दर काही सेकंदांनी पडदा निळा होऊन "नो सिग्नल". दुकानदार म्हणतो डबी चांगली आहे, आणि ती खरंच चांगली आहे. डीव्हीडी प्लेअरला जोडली तर मुकाट्यानं चालते. भानगड गेमकडे आहे. हे स्वस्त यंत्र सिग्नल नियमाप्रमाणे पाठवत नाही, सम-विषम ओळींचा जो खेळ टीव्हीवाले धरून चालतात तो करतच नाही. जुन्या काचेच्या टीव्हीला त्याचं काही नसायचं, आला सिग्नल की दाखव. नवा टीव्ही आधी तपासतो, मग दाखवतो.

डबी भाच्याला दिली. काचेचा टीव्ही शोधायचा.

२९ सप्टेंबर

भंगारवाल्याकडे २१ इंची मिळाला, चारशे रुपये. चालू होता, फक्त रिमोट नव्हता. ई-रिक्षात मांडीवर घेऊन आणला. दोघांनी धरायची वस्तू आहे, काचेचं सगळं वजन पुढच्या बाजूला असतं. एक सूचना, गंमत नाही: या टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकू शकतात. बिघडला तर जुन्या मेकॅनिककडे न्या, अजून आहेत.

उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग होता, शेजारी कधीतरी स्पीकर ठेवला असणार. टीव्ही सुरू करताना तो जो 'ठॅण्ण' आवाज येतो ना, तेव्हा आतली कॉइल हेच चुंबकत्व उतरवत असते, पण थंड असेल तरच. म्हणून अर्धा तास बंद, मग चालू, पुन्हा अर्धा तास बंद. संध्याकाळपर्यंत डाग गेला.

भाचा दुसऱ्या खोलीतून ओरडला, "मामा, कसली तरी शिट्टी वाजतेय." मला काही ऐकू येईना, आत्याला तर नाहीच. ती टीव्हीचीच शिट्टी. आपल्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जातात, त्याच पट्टीत आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. एवढा बारीक आवाज चाळिशी उलटली की कानाला लागेनासा होतो. लहानपणी मलाही यायचा: जिन्यातूनच कळायचं की वर कोणीतरी गेम लावून बसलंय आणि आपल्याला बोलावलेलं नाही.

६ ऑक्टोबर

चित्राच्या जागी रंगीत चौकटी. म्हणजे टीव्ही ठीक, गेम ठीक, कॅसेट नीट बसत नाही.

फुंकर मारू नका. सगळ्यांनी मारली आहे, आत्याच्या सासऱ्यांनीही मारली असेल. फुंकरीनं काही होत नव्हतं, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं होत होतं. थुंकीची वाफ मात्र तांब्यावर बसायची, आणि आज मारिओच्या कॅसेटच्या पट्ट्यांवर जो हिरवट थर आहे तो बराचसा आमच्याच फुंकरीचा. शाळेचा पांढरा खोडरबर हलक्या हातानं, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे मिळालं नाही, मोबाइल दुरुस्तीच्या सामानात मिळालं, १२० रुपये). काडी काळी निघते. काळी यायची थांबेपर्यंत.

तिन्ही कॅसेट चालल्या. मारिओ सगळ्यात आधी.

'९९९९' मध्ये टाकीवाला गेम सापडला, खरं नाव बॅटल सिटी, नामको, १९८५. पस्तीस नकाशे, प्रत्येकात शत्रूचे वीस रणगाडे, आणि खाली विटांच्या कुंपणात गरुड. यात 'कन्स्ट्रक्शन' म्हणून एक सोय आहे, स्वतःचा नकाशा बांधायचा. आम्ही तासन्तास बांधायचो. गरुडाभोवती लोखंड, त्याभोवती पाणी. मग लाइट जायची.

नव्या मुलांना हे सांगून पटत नाही म्हणून लिहून ठेवतो. या यंत्रात काहीही जतन होत नाही. डब्यातला करंट गेला की नकाशा गेला, गुण गेले, सहावी दुनिया गेली. आणि तो काळ मध्य प्रदेशातला. २००३ ची विधानसभा निवडणूक इथे बिजली, सड़क, पानी यांवरच लढली गेली, यावरून काय ते समजा. कपातीचं वेळापत्रक असायचं आणि ते पाळलं जायचं नाही. एक्साइटबाइकमध्ये तर आपण ट्रॅक बांधला की पडद्यावर 'सेव्ह' असं लिहिलेलं यायचं. दाबायचो. काही व्हायचं नाही. ते बटण जपानात वेगळ्यानं विकल्या जाणाऱ्या टेपरेकॉर्डरसाठी होतं, हे कळायला मोठं व्हावं लागलं.

लोक म्हणतात, ते गेम लक्षात राहिले कारण बालपण निरागस होतं. निरागस कुठलं, पहिला रिमोट कोणाचा यावरून मारामाऱ्या व्हायच्या. लक्षात राहिले कारण दर वेळी पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागायचं. मारिओत ३२ टप्पे आहेत. शेवटचा, आठ-चार (आठव्या दुनियेतला चौथा टप्पा), आमच्या अख्ख्या गल्लीत फार थोड्यांनी पाहिला असेल. पण एक-एक? पहिली वीट, पहिलं मशरूम, कुठल्या नळीतून खाली जाता येतं, हे पाढ्यांसारखं पाठ. एक-दोनमध्ये छतावरून पळत जाऊन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दुनियेच्या नळ्या गाठायच्या आणि चार-दोनमधून थेट आठवी, हा रस्ता आम्ही चलाखी म्हणून शिकलो नव्हतो. सातच्या कपातीच्या आत कुठेतरी पोहोचायचं होतं.

१३ ऑक्टोबर

रिमोट. पहिल्याचा 'ए' मेलेला, म्हणजे उडी नाही. उघडल्यावर दिसतं: प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी, तिच्या पोटात काळी कार्बनची टिकली. 'ए' ची टिकली घासून पांढरी झालेली, 'सिलेक्ट' ची नव्यासारखी. पेन्सिलीचं शिसं घासून पाहिलं. अर्धा तास चाललं, मग नाही. कोणीतरी सुचवलेला चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला, तर बटण दाबलेलंच राहतं.

उपाय सापडला तो असा. आपल्या नकली रिमोटांवर 'ए', 'बी' च्या वर टर्बोची दोन बटणं असतात. या रिमोटात चारही टोप्या सुट्या आणि एकाच मापाच्या आहेत. टर्बो-ए ची टोपी काढून 'ए' ला घातली, 'ए' ची टर्बो-ए ला. शून्य रुपये. टर्बो-बी ची का नाही? ती घासलेली होती, कॉन्ट्रावाल्यांची कृपा.

दुसऱ्या रिमोटची वायर मानेपाशी आत तुटलेली. दोन इंच कापून पुन्हा झाळली. रंग सगळीकडे सारखे नसतात, म्हणून कापायच्या आधी फोटो काढा. या दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' नाहीतच. तुटलेले नाहीत, मुळातच दिलेले नाहीत, मूळ फॅमिकॉमच्याही दुसऱ्या रिमोटवर नव्हते. म्हणजे घरातल्या धाकट्याला खेळ थांबवायचा अधिकार नाही. तहान लागो, आई हाक मारो.

२० ऑक्टोबर

गन. भिंग पुसलं, ट्रिगरची पट्टी वाकवून सरळ केली. शिकारीच्या गेममधली बदकं पडली. एलईडीवर हीच गन एकही बदक पाडू शकणार नाही, त्यावर पैसे घालवू नका. गनमधून काही निघत नाही, गन फक्त बघते. ट्रिगर दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो, पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं सेकंदाच्या पन्नासाव्या भागांच्या हिशेबात चालतं. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून जरा उशिरा दाखवतो, तोवर गेमनं 'चुकला' असं ठरवून कुत्र्याला हसायला पाठवलेलं असतं.

एक गोष्ट आत्ता कळली. एका बदकाच्या खेळात रिमोटनं बदक हवं तिकडे वळवता येतं. लहानपणी ठाऊक असतं तर अजून मारामाऱ्या झाल्या असत्या.

२६ ऑक्टोबर

पहिल्या दिवशीचा प्रश्न सुटला.

काचेच्या टीव्हीवर मारिओ लावला तर पहिल्या मशरूमवरून सहज उडी. पुन्हा लावला, पुन्हा सहज. मोबाइलवर रिमोट जोडून खेळलो (म्हणजे मोबाइलच्या काचेचा दोष नाही), पुन्हा धडकलो. गाणंही मोबाइलवर घाईतच.

मग मोजलं. एक-एकमध्ये घड्याळ ४०० पासून उलटं चालतं. मारिओला हलवलं नाही तर तो तसाच उभा राहतो, मशरूम येतच नाही, आणि वेळ संपून मरतो. हे घड्याळ खऱ्या सेकंदांवर चालत नाही, दर चोवीस चित्रांना एक अंक उतरतो. ४०० गुणिले २४ म्हणजे ९,६०० चित्रं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, म्हणजे २ मिनिटं ४० सेकंद. आपल्या पॅल टीव्हीला ५०, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. स्टॉपवॉच लावून बसलो. मोबाइल: दोन चाळीसच्या आसपास. आत्याचा डबा: तीन बारा.

गेम बनले साठच्या हिशेबानं आणि आपल्याकडच्या नकलांनी ते पन्नासवर चालवले. सहापैकी एक हिस्सा वेग कमी. आवाजाची पट्टी मात्र चिपेच्या घड्याळावर ठरते आणि ते जवळजवळ मूळचंच ठेवलेलं होतं, म्हणून सूर तेच, लय उतरलेली. कोजी कोन्डो यांची ती धून आम्ही सगळ्यांनी संथ ऐकली आणि तीच खरी समजलो. इंदूरला त्याचं वावगं वाटायचं कारण नाही. अतिविलंबित गाणारे उस्ताद अमीर खाँ इथलेच.

ज्यांना मोबाइलवर जुना गेम लावून 'ती मजा नाही' असं वाटतं, त्यांनी एकदा हे मोजून पाहावं. एम्युलेटरच्या (मोबाइलवर जुने गेम चालवणाऱ्या अॅपच्या) सेटिंगमध्ये 'डेंडी' असा पर्याय असेल तर तो निवडा (रशियातल्या अशाच नकलेचं नाव). मी निवडला. मोबाइलवरही पहिलं मशरूम ओलांडलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणी झाली, पोहे झाले, डबा लावला. ताईनं (आत्याची थोरली, आता पुण्यात असते, पन्नाशीला आली) कोणाला न विचारता पहिला रिमोट उचलला.

कॉन्ट्रा. तीस लाइफचा कोड काय होता असं तिला विचारलं तर म्हणाली, "छे रे, कुठलं आठवतंय आता." मग पडदा आला आणि अंगठा चालला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघांसाठी मधे सिलेक्ट, मग स्टार्ट. तीस. स्वतःच हाताकडे बघत राहिली.

तिसऱ्या टप्प्यात धबधबा. पडदा वर सरकतो आणि जो खाली राहील तो मरतो. ताई वर पळाली.

"ताई, थांब की जरा."

"तू ये ना लवकर. तेव्हापण असाच रेंगाळायचास."

थांबवायचं बटण माझ्याकडे नाही, हे वर लिहिलंच आहे. माझ्या तीसातल्या निम्म्या तिनं त्या धबधब्यात बुडवल्या.

भाच्याचा नंबर आला. चौथ्या टप्प्यात मेला आणि विचारलं, "मामा, सेव्ह कुठे होतं?" होत नाही म्हटल्यावर त्याचं डोकं दुसरीकडे गेलं. राउटरला लावतात तसा छोटा यूपीएस याला लावला तर लाइट गेली तरी चालू राहील, मग आठवडाभर बंदच करायचा नाही. मुद्दा बरोबर आहे. यूपीएस ९ व्होल्ट देणारा हवा, आणि पिनेचं प्लस-मायनस उलटं करणारी वायर लागेल. आठवडाभर चालू ठेवायचा तर ७८०५ ला मोठा अॅल्युमिनियमचा पत्राही लावावा लागेल. दोन्ही जेल रोडवर मिळेल, दोनशेच्या आत.

यूपीएस लावायला ताईचा विरोध आहे. आत्याचं म्हणणं वेगळंच, आधी तो टीव्ही बैठकीतून हलवा.